सातव्या दाराचा ठोका

३ मार्च, मंगळवार

भिंगरी,

पाकिटावरचं अक्षर आईचं आहे म्हणून तू ते फोडलंस, हे मला ठाऊक आहे. लबाडी माझी, अक्षर तिचं. पत्ता लिहून देताना ती म्हणाली, "आत काय लिहायचं ते तुमचं तुम्ही निस्तरा." फोनवर तू मला तीन वर्षं अडवून ठेवलं आहेस. पोस्टमनला अडवायची सोय अजून कुणी काढलेली नाही, तेवढ्यावर माझं चाललंय.

काम छोटं आहे. ज्या पांढऱ्या व्हिडिओगेमच्या डब्यावर तू 'खाण' खेळायचीस, तो अजून तुझ्याकडे असेल तर पाठवून दे. त्या बनावटीची मशीनं आता मिळत नाहीत आणि दुरुस्तीच्या दुकानात एका गिऱ्हाइकाचं काम अडलंय. बस्स, एवढंच.

इकडचं म्हणशील तर आईचा गुडघा कुरकुरतो आणि आई कुरकुरत नाही, हे नेहमीचंच. 'खाण'चे पंच अजून आम्ही तिघंच: मी, गणिताच्या मास्तरीणबाई आणि टॅक्सीवाला. इतका जुना खेळ, त्यातल्या खाणीतून कोण सगळ्यात लवकर बाहेर पडलं हे ठरवायला तीन कर्ती माणसं आठवड्यातून एकदा पडद्यासमोर बसतात, हे आईला अजून पटलेलं नाही. सध्या नियम नव्याने लिहायला घेतलेत. मागच्या शनिवारी दोन तास फक्त 'घड्याळ कधी थांबवायचं' यावर गेले. मी लिहिलं होतं, 'खाणकामगाराचा पाय उन्हात पडला की घड्याळ थांबेल.' मास्तरीणबाई म्हणाल्या, "पाय म्हणजे? टाच की अंगठा?"

टॅक्सीवाला म्हणाला, "बाई, त्याचा अख्खा बूट आठ ठिपक्यांचा. त्यात अंगठा कुठून आणू?"

शेवटी ठरलं की बुटाचा पहिला ठिपका चित्रफितीतल्या ज्या चौकटीत, म्हणजे फ्रेममध्ये, पिवळा होतो, ती चौकट शेवटची. सुरुवात जुनीच ठेवली: खाणीत उतरणाऱ्या पाळण्याची घंटा वाजली की घड्याळ चालू. ते माझं जुनं कलम. डोळा चुकतो, कान चुकत नाही, असं मी तेव्हा म्हणालो होतो.

तुझ्या नावापुढचा शेरा अजून यादीत आहे. हे पत्र त्याबद्दल नाही.

डबा तेवढा पाठव.

बाबा


७ मार्च, शनिवार

भिंगरी,

पार्सल आलं नाही. येईल असं मी धरूनही चाललो नव्हतो, पण शुक्रवारी दोनदा दुकानाबाहेर जाऊन रस्ता बघून आलो. शेजारचा चष्मेवाला म्हणाला, "कुणाची वाट बघताय काय?" मी म्हटलं, "हवा खातोय." तो म्हणाला, "खा, खा. आमच्या दारातली पण खा."

गिऱ्हाइकाचं काम अडलंय हे खोटं होतं. आता खरं सांगतो, निदान जेवढं आज सांगवतं तेवढं.

एक दातांचे डॉक्टर आहेत. चार वर्षं 'खाण' खेळतायत, 'कसंही' या वर्गात. ('कसंही'ची व्याख्या तूच सुचवली होतीस: वाटेतले कंदील घ्या नाहीतर सोडा, भिंतीतून घुसा, पण बाहेर पडा. पंचांच्या वहीत ती अजून तुझ्याच शब्दांत आहे.) त्यांनी एकतीस मिनिटं वीस सेकंदांच्या खेळाची फीत पाठवली. मी सवयीप्रमाणे डोळे मिटून ऐकली. खाणीतल्या सातव्या दाराशी, मागे पाण्याचा पंप धक् धक् करत असताना, एक ठोका अर्धवट तुटला. दार उघडलं आणि ठोक्याचं शेपूट गायब.

तोच आवाज. तीन वर्षांपूर्वी तुझ्या फितीत ऐकलेला. सातवंच दार, पंपच, तुटकाही तसाच.

तेव्हा मी काय केलं हे तुला सांगायची गरज नाही, पण मला लिहून बघायची आहे. तुझी वेळ होती एकतीस चौदा पूर्णांक दोन. सगळ्यात कमी. मी सगळ्यांदेखत म्हणालो, दोन वेगवेगळे खेळ कापून एकत्र चिकटवलेत, ठोका तुटतोय तो सांधा आहे. पंचाने पोटच्या पोरीलाही सूट देऊ नये, हे दाखवायची घाईच झाली होती मला. तू म्हणालीस, "बाबा, एकदा मशीन उघडून बघा ना." मी म्हणालो, "मशीनला काय बघायचंय? कान आहेत मला." वेळ खोडली आणि नावापुढे शेरा मारला: जोडकाम. दोन दिवसांत त्या मोठ्या खेळमेळ्याचं तुझं बोलावणं रद्द झालं. लोक तुला 'कात्रीबाई' म्हणायला लागले. एकदा दुकानात दोन गिऱ्हाइकं तेच नाव घेऊन हसत होती. तू आत चहा करत होतीस. मी ऐकलं. तूही ऐकलंस. मी माझं सोल्डरचे डाग देण्याचं काम चालू ठेवलं.

आजच्या ऑनलाइन बैठकीत डॉक्टरांना बोलावलं होतं. मी म्हटलं, "सातव्या दाराशी सांधा ऐकू येतोय."

ते म्हणाले, "मी रोज खोटं बोलतो साहेब. 'दुखणार नाही' म्हणून सांगतो आणि दात उपटतो. पण हे खोटं नाही. सलग खेळलोय."

टॅक्सीवाला म्हणाला, "कानसेनांनी ऐकलंय म्हणजे असणार. मारा शेरा, चला पुढे." तो मला कानसेन म्हणतो हे तुला माहीत आहे. आधी बरं वाटायचं.

मग मास्तरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "डॉक्टर, तुमचं मशीन कधी उघडलं होतं का?"

"हो, ड्राइव्ह गेला होता. सीडी वाचत नव्हतं. बदलून घेतला."

"कुठे?"

आणि भिंगरी, मी मध्येच म्हणालो, "आवाज फार तुटतोय हो माझ्याकडे. पुढच्या शनिवारी ठरवू." आणि बंद केलं.

आवाज अजिबात तुटत नव्हता.

डबा पाठव. हात जोडून सांगतो.

बाबा


१२ मार्च, गुरुवार

भिंगरी,

पार्सल काल सकाळी अकराला आलं. आत चिठ्ठी नव्हती, मी कागद झटकूनही पाहिला. पण डबा तू टॉवेलात गुंडाळून, वायर वेटोळं करून, रबर लावून पाठवलास. टाकून दिलेली वस्तू कुणी असं बांधत नाही. यावरून मी काही गृहीत धरत नाही. फक्त पाहिलं म्हणून लिहिलं.

दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि डबा उघडला. उघडायची तशी गरजच नव्हती. डॉक्टरांनी "ड्राइव्ह" म्हटलं तेव्हाच मला कळलं होतं. त्यांचा तो ड्राइव्ह मीच बदललाय. आणि तुझाही.

आठवतं? तू कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतीस. डबा बंद पडला म्हणून दोन दिवस जेवली नाहीस. जुन्या बनावटीचा ड्राइव्ह कुठेच मिळेना. एका भंगारवाल्याकडे नंतरच्या बनावटीचे दोन मिळाले. पेच जुळले, वायर जुळली, सीडी फिरली. एक तुझ्या डब्यात घातला, दुसरा दोन वर्षांनी डॉक्टरांच्या. तुला म्हणालो, "घे, नव्यासारखा करून दिलाय." दुसऱ्या बनावटीचा आहे हे सांगितलं नाही. तुला काय फरक पडणार, असं वाटलं. खरं म्हणजे, मूळ भाग मिळाला नाही हे कबूल करायला जिवावर आलं. फुटपाथवर ट्रान्झिस्टर कानाला लावून कुठला भाग गेलाय हे सांगणारा मी, मला एक ड्राइव्ह मिळू नये?

आता ऐक. माझ्याकडचं न उघडलेलं मशीन आणि तुझा डबा शेजारी ठेवले. दोन्हींवर 'खाण' लावली. जुना ड्राइव्ह दाराशी रेंगाळतो, तेवढ्यात पंपाचा ठोका पुरा पडतो आणि मग दार उघडतं. तुझ्या डब्यातला नवा ड्राइव्ह सीडी भराभर वाचतो, दार आधी उघडतं आणि ठोका मधेच कापला जातो. पंप फक्त सातव्या दाराशीच चालू असतो, म्हणून बाकी कुठे काही ऐकू येत नाही. मी वीस वेळा लावलं. वीस वेळा तुटलं.

सांधा नव्हता. माझीच दुरुस्ती होती. माझ्या हातचं काम माझ्या कानांनी पकडलं आणि शिक्षा तुला दिली.

मी खुर्चीत बसून राहिलो. चष्मेवाला शटरखालून वाकून म्हणाला, "बरं वाटत नाहीये का?" मी म्हटलं, "काही नाही, एक बिघाड सापडला." तो म्हणाला, "मग तोंड असं का? बिघाड सापडला की तुम्ही शीळ घालता."

आता जे सांगायचंय ते सांगायला मला सगळ्यात भीती वाटते. नवा ड्राइव्ह दार लवकर उघडतो म्हणजे तुझी वेळही त्याने थोडी वाचवली. तुला माहीत नव्हतं, पण वाचवली. सातव्या दाराचा फरक मी चौकट चौकट मोजला: सेकंदाचा पाचवा भाग. दारं बारा. बाराने गुणलं तर दोन पूर्णांक चार सेकंद. तेवढे तुझ्या वेळेत मिळवले तर होतात एकतीस सोळा पूर्णांक सहा. टॅक्सीवाल्याचे आहेत एकतीस पंधरा पूर्णांक नऊ. आज यादीत तो पहिला आहे, तुझी वेळ खोडल्यामुळे. हिशेब नीट केला तरी तोच पहिला राहतो.

म्हणजे तुझं नाव धुऊन निघतं, पण पहिला नंबर मिळत नाही.

परवा बैठक आहे. तिथे मी गप्पही बसू शकतो, हे तुला कळायला हवं. डॉक्टरांना शेरा मारला की दोघांचं एकसारखं होतं, कानसेन कानसेनच राहतो आणि हा ड्राइव्ह कुणाच्या बापाला कळत नाही. दुपारभर मी या विचाराशी बसलो होतो. लिहायची लाज वाटते, पण बसलो होतो. आईला अजून सांगितलेलं नाही. ती दोनदा विचारून गेली, "पोरीचा डबा आला ना? मग चालू का करत नाही?"

बाबा


१५ मार्च, रविवार

भिंगरी,

काल सांगितलं. आधी आईला, मग पंचांना. आई भाजी चिरत होती, तिने सुरी खाली ठेवली, हात पुसले आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसली. तिकडे जायची माझी हिंमत झाली नाही. पंचांना तोंड देणं त्यापेक्षा सोपं गेलं.

डॉक्टरही होते. दोन्ही मशीनं कॅमेऱ्यासमोर ठेवून मी सातवं दार लावून दाखवलं. एकदा पूर्ण ठोका, एकदा तुटका. मग म्हणालो, "दोन्ही ड्राइव्ह मी घातलेत. मागच्या शनिवारी आवाज तुटत नव्हता, मी पळालो."

मग मास्तरीणबाई म्हणाल्या, "मला माहीत होतं."

"कसं?"

"माझ्या वर्गात साठ मुलं आहेत. प्रश्न विचारल्यावर ज्याला अचानक पाणी प्यायचं असतं, त्याला उत्तर येत असतं."

डॉक्टर म्हणाले, "म्हणजे माझे दात शाबूत." आणि स्वतःच एकटे हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, "पण त्या मुलीचं काय?"

इथे खरा घोळ सुरू झाला, आणि तो तुला तसाच सांगायला हवा.

टॅक्सीवाला म्हणाला, "तिची वेळ आहे तशी परत लावा. चौदा पूर्णांक दोन. ती पहिली, मी दुसरा. पोरीवर अन्याय झालाय, माझं काय जातंय?" हा माणूस तीन वर्षं पहिला आहे. टॅक्सीच्या काचेवर त्याने ती वेळ रंगवून घेतलीय. आणि तो हे म्हणाला.

मास्तरीणबाई म्हणाल्या, "नियम असा करू की बदललेल्या ड्राइव्हचा वेगळा वर्ग. त्यात ती पहिली."

मी विचारलं, "त्या वर्गात कोण कोण?"

"ती आणि डॉक्टर."

"म्हणजे दोन माणसांची शर्यत, आणि दोघांच्या मशीनमध्ये माझाच स्क्रूड्रायव्हर. त्याला वर्ग म्हणायचं, का माझ्या चुकीला कपाट करून द्यायचं?"

टॅक्सीवाला चिडला. "अहो, पोरगी परत बोलेल तुमच्याशी! तुम्हाला नकोय का ते?"

भिंगरी, मला ते हवं होतं, फार हवं होतं. एक मत माझ्या हातात होतं. 'जुन्या वेळा आहेत तशा मान्य' एवढं कलम लिहायचं, तुला पहिला नंबर पाकिटात घालून पाठवायचा आणि दाराशी येऊन उभं राहायचं. पण तीन वर्षांपूर्वी मी नियमापेक्षा माझ्या कानांना मोठं केलं, त्याचं हे झालं. आता माझ्या पश्चात्तापाला नियमापेक्षा मोठं केलं तर पुन्हा तुझ्याच डोक्यावर बसेल. लोक म्हणतील, बापाने दिला. आणि लोक राहू देत, तू स्वतः त्या आकड्याकडे बघून काय म्हणशील ते मला माहीत आहे. लहानपणी मी मुद्दाम हरलो की तू पट उधळून द्यायचीस.

मी मत विरुद्ध दिलं. मास्तरीणबाई माझ्या बाजूने आल्या. टॅक्सीवाला म्हणाला, "तुम्ही दोघंही दगड आहात," आणि त्यानेही हात वर केला.

ठरलेलं कलम असं: 'दारापाशी सीडी वाचण्यात मशीनने वाचवलेला वेळ खेळाडूच्या वेळेत मिळवला जाईल. अशा वेळेला कोणताही शेरा लागणार नाही, कारण तो वेळ खेळाडूने चोरलेला नाही.' दुसरं वाक्य मी घालायला लावलं. मास्तरीणबाई म्हणाल्या, नियमात कारणं लिहीत नाहीत. मी म्हटलं, या एकात लिहा.

यादीत सगळ्यात वर आता निवेदन आहे. जोडकामाचा शेरा चुकीचा होता, तो का चुकीचा होता, ड्राइव्ह कुणी घातला, मशीन उघडून बघा असं तू सांगितलं होतंस आणि कुणी बघितलं नाही, सगळं. 'कात्रीबाई' हा शब्दही लिहिला, आणि तो ऐकून मी गप्प होतो हेही. मेळ्याच्या आयोजकांना वेगळं पत्र गेलंय. तुझी वेळ एकतीस सोळा पूर्णांक सहा, क्रमांक दोन. चौदा दिवसांत कुणालाही हरकत घेता येईल. माझी जागा मी सोडली, तिथे डॉक्टर बसतील.

हे सगळं केलं म्हणून तू काही करावंस असं नाही. मला माफ कर हे वाक्य मी तीनदा लिहून खोडलं, कारण ते लिहिलं की चेंडू तुझ्याकडे जातो आणि तुला उगाच उत्तर द्यावं लागतं. मी चुकलो. हे एवढं माझ्याकडेच राहू दे.

डब्यात मूळ बनावटीचा ड्राइव्ह बसवलाय, माझ्या न उघडलेल्या मशीनमधला काढून. आज टॉवेलात गुंडाळून रवाना करतोय. खेळ, नाहीतर विकून टाक. तुझा आहे.

बाबा


२४ मार्च, मंगळवार

भिंगरी,

काल दुपारी डॉक्टरांचा फोन आला. त्यांच्या खुर्चीत कुणीतरी आ वासून बसलं होतं, मागे ते यंत्र सूं सूं करत होतं. म्हणाले, "एक हरकत आलीय. तुमच्या मुलीची."

मी म्हटलं, "दुसऱ्या नंबरावर?"

"नाही हो. तुमच्या मोजणीवर. मी जसंच्या तसं पाठवतो. आता मला इथे बघू द्या, यांची भूल उतरेल."

तू लिहिलेलं डॉक्टरांनी पाठवलं ते असं: 'पंचांस. पहिल्या दारापाशी सीडी वाचली जात नाही. पहिला नकाशा खेळ सुरू होतानाच मशीनमध्ये आलेला असतो. त्यामुळे तिथे ड्राइव्हने काही वाचवलेलं नाही. बारा नव्हे, अकरा. ज्याने कुणी मोजलं त्याने प्रत्येक दार मोजायला हवं होतं.'

मी दुकानात गेलो आणि दोन मशीनं लावली. न उघडलेल्या माझ्या मशीनमध्ये आता तुझ्या डब्यातून काढलेला ड्राइव्ह आहे, म्हणून मूळ ड्राइव्हवालं टॅक्सीवाल्याचं मशीन मागवून घेतलं. पहिलं दार दोन्हींवर एकाच चौकटीत उघडतं. मग बाकीची अकराही मोजली, एक एक करून, कंटाळा न करता. प्रत्येक ठिकाणी सेकंदाचा पाचवा भाग. तू बरोबर आहेस. एक दार मोजून मी बाराने गुणलं होतं. पंचांनी हरकत मान्य केली. तुझी वेळ आता एकतीस सोळा पूर्णांक चार. क्रमांक दोनच. टॅक्सीवाला म्हणाला, "अर्ध्या सेकंदावर आली की हो! ती पुन्हा खेळायला लागली का? खरं सांगा, मला काच पुसायला लागेल का?" मी म्हटलं, मला माहीत नाही. खरंच माहीत नाही.

संध्याकाळी आई बाहेरच्या खोलीत बसली होती. नऊ दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलतेय. मी समोर उभा राहून म्हटलं, "पोरीचं आलंय."

तिने मान वर केली. "काय म्हणते?"

मी वाचून दाखवलं. पंचांस. पहिल्या दारापाशी सीडी वाचली जात नाही. सगळं, शेवटच्या वाक्यापर्यंत. ते शेवटचं वाक्य वाचताना मी तिच्याकडे बघितलं नाही, कारण ते कुणाला लिहिलंय हे दोघांनाही कळत होतं.

आईला त्यातलं दार कळत नाही, चौकट कळत नाही. ती म्हणाली, "पुढे?"

"पुढे काही नाही. एवढंच."

मग शेजारची उशी उचलून तिने माझ्यासाठी जागा केली.

"मग पहिल्यापासून वाचा," म्हणाली. "सावकाश."

बाबा